टाकीवरचा एक

भूपाल नेमगोंडा मगदूम, समडोळीचे,
परवा गेले. पेपरात दोन ओळी आल्या:
प्रगतशील शेतकरी, डेअरीचे माजी संचालक.
बरोबरच आहे. पण मी पेंटर माणूस,
सांगलीत स्टँडमागं पन्नास वर्षं नंबरप्लेटा रंगवल्या,
माझ्याकडे त्यांचा एक आकडा बाकी आहे.

तेव्हा तो नुसता भूपाल होता. तेवीस वर्षांचा.
दूध घालून परतताना आयर्विन पुलावर
त्याच्या जावाचा आवाज आला की
पेठेतले हमाल हळदीचं पोतं पाठीवर तसंच ठेवून
ऐकत राहायचे,
आणि सांगायचे, आज प्लग काळा पडलाय.

पहाटे चारला मिरज रोड मोकळा.
मी मैलाच्या दगडावर, हातात वडिलांचं घड्याळ.
सेकंदकाटा मला धड वाचता यायचा नाही,
अंदाजे सांगायचो, कायम दोन सेकंद कमी.
त्याला कळायचं. हसायचा.

"मद्रासला शर्यत हाय," एक दिवस म्हणाला,
"जुन्या इमानाच्या पट्टीवर.
चिठ्ठीत एक नंबर निघालाय. काढ झ्याक."

झ्याक काढला.
खारीच्या केसाचा ब्रश, लाल टाकीवर पांढरा एनॅमल,
एका दमात:
वर वाटोळं डोकं, मग शेपूट,
उसाच्या पात्यासारखी लवत खाली नेलेली.
असा एक मला पुन्हा जमला नाही.
इंग्रजी आकडे मी अजून गिरवत होतो,
आणि एक तो कुठंही एकच, असा माझा समज.

मिरज जंक्शनात पेट्रोल उपसून
गाडी पार्सलच्या डब्यात चढवली.
आईनं डबाभर भडंग दिलं, आणि बजावलं,
दिवस बुडायच्या आत खा.

पुढचं त्यानं सांगितलं एकदाच,
माझ्या दुकानात, रंगाच्या डब्यावर बसून.
चौदा फेऱ्या. वळणावर पेंढ्याच्या गासड्या.
सिमेंटच्या दर सांध्याला हँडल खटकायचं,
तळहाताची सालं निघाली.
शेवटच्या दोन फेऱ्यांत पुढं कुणीच नव्हतं,
पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला आभाळ.

मनोऱ्यावर वही घेऊन बसलेल्या साहेबाला
मराठी येत नव्हतं. त्यानं लिहिलं, नऊ.
नऊ नंबरवाला तिसऱ्याच फेरीत चेन तुटून
सावलीत सोडा पीत बसला होता.
कप त्याच्या हातात दिला.
त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि घेतला.
एक नंबर, वहीप्रमाणे, निघालाच नव्हता.

मी म्हटलं, "भांडला का न्हाईस?"
"दिवस बुडत आलता," भूपाल म्हणाला,
"जेवायचं हुतं."
मग बऱ्याच वेळानं,
"गाडी पयली आली न्हवं? तिला ठावं हाय."

पुन्हा गेला नाही. वडील वारले, ऊस, म्हशी, सोसायटी.
मी दोनदा ब्रश घेऊन समडोळीला गेलो,
खोडून इंग्रजी करतो म्हटलं.
पहिल्यांदा चहा पाजला.
दुसऱ्यांदा ब्रशच काढून घेतला.

तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचो,
मराठी की इंग्रजी?
लोकांना वाटायचं, दरात फरक असेल.
आता प्लेटा कंपनीतून ठोकूनच येतात,
विचारायला काही उरलं नाही.

रक्षाविसर्जनाला गेलो. गोठ्यात खुंटीवर टाकी तशीच.
लाल उडालाय. पांढऱ्याला बारीक चिरा,
पण शेपूट जागच्या जागी.
नातू बरोबर होता, इंग्रजी शाळेत, दुसरीत.
बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, नाइन."
नीट बघ, म्हटलं.
त्यानं मान तिरकी केली. "नाइनच आहे."

मी बादली पालथी घालून बसलो,
त्याचं बोट धरलं,
आणि डोक्यापासून सुरुवात केली.